उतारावरचा दुसरा गिअर

फाल्गुनातल्या त्या दुपारी कळमनुरीच्या रस्त्यावर दोन वास एकमेकांत मिसळून येत होते. एक पलीकडच्या शिवारात शिजणाऱ्या हळदीचा, ओला, मातकट, कडवट. आणि दुसरा युनूसभाईंच्या गॅरेजात, माझ्या पायांपासून हातभर अंतरावर, पत्र्याच्या घमेल्यात संथ धारेने उतरणाऱ्या जुन्या तेलाचा. गिअरबॉक्समधलं तेल इंजिनाच्या तेलासारखं नसतं. ते काकवीसारखं दाट असतं, आणि वर्षानुवर्षं कोंडून राहिलं की त्याला गंधकासारखा उग्र, जुनाट दर्प येतो. धार बारीक होत गेली, थेंबांवर आली, आणि मग युनूसभाईंनी ते घमेलं छपराच्या फटीतून पडलेल्या उन्हाच्या पट्ट्यात सरकवलं. काळ्याभोर तेलात असंख्य सोनेरी कण तरळत होते. क्षणभर मला ते सुंदर वाटले.

"पितळ हाय ते, बाई," युनूसभाई म्हणाले. "गिअरच्या आतल्या कड्यांचं. एवढं पितळ तेलात उतरलं म्हंजे आत काई ऱ्हायलं न्हाई."

ती जीप माझ्या थोरल्या भावाची, दादाची. आणि दादा जाऊन तीन वर्षं झाली होती. सेनगावच्या पुढे, बोडक्या टेकड्यांच्या कुशीत आमचं गाव. तिथून हिंगोलीपर्यंत तो माणसांची ने-आण करायचा. कुठल्याशा सरकारी खात्याने काढून टाकलेली, चारही चाकांनी ओढणारी ती जुनी जीप त्याने घेतली तेव्हा मी कॉलेजात होते. भाद्रपदात काळी माती चाकांना कणकेसारखी लगडू लागली आणि एसटी फाट्यावरूनच माघारी वळू लागली, की दादा गिअरच्या दांड्याशेजारचा तो दुसरा, आखूड दांडा ओढायचा, आणि जीप जाणत्या बैलासारखी मान खाली घालून चिखलातून पलीकडे निघायची. अडलेल्या बाया, तापाने फणफणलेली लेकरं, परीक्षेला निघालेल्या मुली, सगळ्यांना तिनेच पार नेलं. गाडी चालवताना दादाचा डावा हात कायम गिअरच्या दांड्यावर असायचा, वासराच्या मानेवर ठेवावा तसा. मला तो त्याचा लाड वाटे.

बावीस वर्षांपूर्वीच्या पौषातली ती सकाळ. हिंगोलीच्या एका शाळेत मराठी शिकवायला माझी नेमणूक झाली होती, आणि रुजू व्हायला मी दादाच्या शेजारी, पुढच्या सीटवर बसून निघाले होते. अंगावर नवी, फिकट जांभळी साडी. मागे समोरासमोरच्या बाकांवर आठ माणसं. डाव्या बाकाच्या अगदी टोकाला, मागच्या फळीशी, माळवाडीच्या गयाबाई बसल्या होत्या. मांडीवर ओल्या तुरीच्या शेंगांचं गाठोडं, बाजारात विकायला नेलेलं. धुकं विरत चाललं होतं आणि दोन्ही बाजूंच्या तुरी दवाने वाकल्या होत्या. माळवाडी मागे पडली की बिब्याचा उतार लागतो. तसा तो फार उभा नाही, पण लांब आहे, आणि पायथ्याशी पूल येतो तिथे रस्ता अचानक वळतो. उताराच्या मध्यावर जीपचा आवाज बदलला. चाकांना मागे ओढून धरणारा इंजिनाचा ताण एकाएकी नाहीसा झाला, एक विचित्र हलकेपणा आला, आणि मग वेग. दादाने ब्रेक दाबून धरला, दांडा पुन्हा पुन्हा ओढला; खालून दात करकरल्याचा आवाज आला. जीप पुलाच्या कठड्यावर आदळली आणि कलंडली. मला खरचटलंसुद्धा नाही. बाहेर येऊन पाहिलं तर रस्ताभर हिरव्या शेंगा विखुरल्या होत्या, आणि शेंगांच्या पलीकडे गयाबाई पडल्या होत्या. डोक्यावरचा पदर ढळलेला नव्हता. म्हणूनच की काय, त्या गेल्या आहेत हे कोणालाच आधी कळलं नाही.

दादाने पहिल्या दिवसापासून एकच सांगितलं: दुसरा गिअर आपोआप सुटला. त्यावर कोणाचा विश्वास बसणार होता? पोलिसांनी जीप पाहिली तेव्हा दांडा न्यूट्रलमध्ये होता, आणि उतार आला की न्यूट्रल करून डिझेल वाचवायचं ही त्या रस्त्यावरच्या झाडून सगळ्या ड्रायव्हरांची रीत होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी जीप सपाट रस्त्यावर फिरवून पाहिली. सगळे गिअर व्यवस्थित पडले. पुढे कोर्टात माझी साक्ष झाली. वकिलांनी अगदी सौम्य आवाजात विचारलं, तुमचे भाऊ उतारावर गाडी न्यूट्रल करत असत का? मी दादाकडे पाहिलं नाही. मी म्हणाले, "हो. कधी कधी."

ते खरं होतं. आधीच्या वर्षांत मी त्याला तसं करताना पाहिलं होतं. त्या सकाळी त्याने तसं केलं होतं का, हे मला कोणी विचारलं नाही, आणि मीही आपणहून काही बोलले नाही. कारण मला ठाऊकच नव्हतं. अपघाताआधीची दोन वर्षं तो उतारावर न्यूट्रल करत नाही, उलट दांडा घट्ट धरून बसतो, हे रोज पाहूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. दादाला काही महिन्यांची शिक्षा झाली आणि लायसन गेलं.

सुटून आल्यावर तो शेतात राबू लागला. माझ्या त्या उत्तराचा त्याने पुढे कधी उच्चार केला नाही. भाऊबीजेला मी ओवाळायची. निरांजनाच्या उजेडात त्याचा चेहरा पूर्वीसारखाच शांत दिसायचा, आणि त्या शांततेचाच मला धाक वाटायचा. आज बोलेल, आज विचारेल, अशा धास्तीत मी एकोणीस भाऊबिजा काढल्या. तो विचारायचा ते एवढंच, "काय बाई, पोरं शिकून राहिली का बराबर?" पोलिसांनी सोडलेली जीप त्याने अंगणातल्या बाभळीखाली आणून उभी केली होती. दर रविवारी सकाळी तो तिच्यात बसे, इंजिन सुरू करी, दहा मिनिटं धडधडू देई आणि बंद करी. गिअर मात्र कधी टाकत नसे. सुट्टीत गावी गेले की त्या धडधडीने मला जाग येई, आणि ती थांबेपर्यंत मी डोळे मिटून पडून राही. तो गेल्यावरही काही रविवारी, हिंगोलीच्या माझ्या फ्लॅटमध्ये, पहाटेच्या विरळ झोपेत मला तो आवाज यायचा, आणि थांबला की जाग यायची.

यंदाच्या संक्रांतीनंतर वहिनीने भंगारवाल्याला बोलावलं. मी ऐकलं आणि का कोण जाणे, सरळ गावी गेले. वहिनी म्हणाली, "ताई, मला ती गाडी दारात बघवत न्हाई आता. तुमाला पायजे तर तुमी घेऊन जा." सेनगावच्या एका मिस्त्रीने बॅटरी, ब्रेक, टायर नवे टाकले, कागदपत्रांचं जमवलं, आणि एका दुपारी मी ती जीप घेऊन हिंगोलीकडे निघाले. कार चालवायची सवय होती. जीपचं स्टिअरिंग जड होतं एवढंच. जीपमध्ये मी एकटी होते. माळवाडी गेली. बिब्याचा उतार लागला तेव्हा मी दुसरा गिअर टाकला, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, आणि माझ्या डाव्या गुडघ्याशी काहीतरी खट्‌कन झालं. दांडा आपला आपण उसळून मधोमध येऊन उभा राहिला. कोणी शेजारी बसून, अगदी सहज, हात पुढे करून तो काढावा तसा.

रिकामी जीप आणि नवे ब्रेक, म्हणून ती थांबली. हँडब्रेक ओढून मी कितीतरी वेळ तशीच बसून होते. दोन्ही बाजूंना तुरीची कापणी होऊन गेलेली, नुसती खुंटं उभी. टेकडीवरच्या पळसाला एक पान नव्हतं आणि सगळं झाड पेटल्यासारखं लाल झालेलं. वारा अजिबात नव्हता. शेजारची सीट रिकामी आहे हे दिसत असूनही मी तिच्याकडे सरळ पाहू शकत नव्हते. तेव्हापासून एक गोष्ट कायमची बिघडली आहे. बावीस वर्षांपूर्वीची ती सकाळ आठवली की आता तिच्यातही मला ती 'खट्' ऐकू येते. ती तेव्हा खरोखर झाली होती आणि मी विसरले होते, की ही आजची 'खट्' मागे जाऊन तिथे बसली, हे मला सांगता येत नाही. त्या वेळी हे सांगता आलं असतं तर दादा सुटला असता.

उरलेली वाट मी पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालेल त्या गतीने कापली. जुन्या जीपच्या गिअरबॉक्सचं काम करणारा माणूस म्हणून सगळ्यांनी कळमनुरीच्या युनूसभाईंचं नाव घेतलं, तेव्हा टेम्पोवर चढवून ती त्यांच्याकडे नेली. साठीतला, बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. वडिलांपासून हेच काम. त्यांनी आधी सीट काढल्या, मग तळाचा पत्रा उचकटला. दांडे काढले, मागे-पुढे जाणारे दोन्ही शाफ्ट सोडवले, खाली जॅक लावला, आणि ते जड, तेलकट धूड इंजिनापासून हळूहळू मागे ओढून जमिनीवर उतरवलं. जीपच्या मधोमध एक भगदाड उरलं. त्यातून खालची माती दिसत होती.

झाकण उघडून त्यांनी एक दातेरी चक्र रॉकेलने धुतलं, फडक्याने पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "हात फिरवून बघा. हे दात चौकोनी पायजेत. हे बघा कसे उतरते झाले. सपाटीला बराबर चालते, कोनाला पत्ता लागत न्हाई. पण गाडी भरलेली असली, अन् उताराला पाय उचलला, की फेकून देते गिअर."

"हे कधीपासून असेल?" मी विचारलं.

"एका दिवसाचं काम न्हाई हे. अन् हे बघा." त्यांनी लोखंडाचा एक दुबेळका तुकडा उचलला, दांडा हलवला की हाच आत गिअरला सरकवतो. त्याची एक बाजू झिजून पात्यासारखी झाली होती. "कोणी तरी दुसरा गिअर हातानं दाबून धरून गाडी चालवलेली हाय. लय दिवस. सुटते हे त्याला ठावं असंल. तवाच बदलायला पायजे व्हता. पण गाडी खोलली म्हंजे आठ-आठ दिवस उभी ऱ्हाते, धंदा बुडते, म्हून सगळेच ओढत राहतात." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून ते थांबले. "काई तकलीफ झाली का, बाई?"

मी नकारार्थी मान हलवली. वासराच्या मानेवर ठेवल्यासारखा दिसणारा तो हात लाड नव्हता, पहारा होता. मग त्या सकाळी तो हात कुठे होता? गॅरेजातल्या त्या उग्र वासात मला एकदम ताडपत्रीचा पडदा आठवला. माझ्या बाजूचा, डावीकडचा, वाऱ्याने फडफडणारा पडदा. धूळ आत येत होती. नव्या साडीवर बसत होती. मला तो नीट बसवता येईना, म्हणून मी दादाला म्हटलं होतं, जरा तो पडदा खेच ना. म्हटलं होतं, हे नक्की. पण ते उतार लागण्याआधी म्हटलं होतं की उतारावर. आणि त्याने तो खेचला की नाही. खेचला असेल तर कोणत्या हाताने? मी डोळे मिटून ती सकाळ पुन्हा पुन्हा उलगडून पाहिली. धुकं येतं, दवाने वाकलेली तूर येते, जांभळ्या काठावरची धूळ येते. त्याचा हात येत नाही.

हे त्याला आठवत असणार. कोर्टात, माझ्या साक्षीनंतर, 'बहिणीने पडदा खेचायला सांगितला म्हणून हात काढला' असं एक वाक्य त्याला बोलता आलं असतं. कदाचित तसं काही घडलंच नव्हतं म्हणून तो बोलला नसेल. हा 'कदाचित' मी तेव्हापासून उशाशी घेऊन झोपते.

युनूसभाईंनी नांदेडहून दुसरा गिअरबॉक्स आणला, क्लचप्लेट नवी टाकली, वरून रंगही दिला, आणि आठवडाभराने जीप माझ्या ताब्यात दिली. जुनं चक्र मी मागून घेतलं. त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. मी हिंगोलीला थांबले नाही. सरळ सेनगावच्या वाटेला लागले, बिब्याचा उतार चढून माळवाडीत गेले आणि गयाबाईंच्या घरासमोर जीप उभी केली. आईविना राहिलेली त्यांची मुलगी कमल तेव्हा विशीतली होती. आता पंचेचाळिशीला आलेली, लग्नानंतर नवऱ्यासह इथेच राहिलेली. अंगणात ती तुरीची डाळ पाखडत बसली होती. मला तिने ओळखलं. उठून उभी राहिली, सूप बाजूला ठेवलं, आणि माझ्यासाठी बाज ओढली.

मी कागद सोडून ते चक्र तिच्यापुढे ठेवलं. युनूसभाईंनी सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. सांगताना आवाज शाळेतल्यासारखा नीट, खणखणीत लागत होता याची मला लाज वाटत होती. दादा खोटं बोलला नव्हता, मी म्हणाले. गिअर खरंच सुटला होता. मला हे तुला सांगायचं होतं.

कमलने ते चक्र उचललं, झिजल्या दातांवरून बोट फिरवलं आणि परत कागदावर ठेवलं.

"आमाला ठावं हाय, बाई," ती म्हणाली. "दादानं सांगितलं व्हतं."

"कधी?"

"जेलातून सुटले, तवा पयले आमच्याच दारात आले. हितंच उभे व्हते. बा म्हणला बसा, तर बसले न्हाई. म्हणले, गिअर सुटला, पण तो सुटते हे मला ठावं व्हतं, मी आधीच करून घ्यायला पायजे व्हता, चूक माझी हाय. मंग बानं इचारलं, गिअर आपोआप सुटला म्हणता, तर तुमच्या बहिणीनं कोर्टात तसं काहून सांगितलं?"

डाळीवरची चिमणी उडाली.

"ते म्हणले, तिनं खरं तेच सांगितलं. तिला खोटं बोलता येत न्हाई."

"आणि तुझे वडील?"

"बानं पाणी दिलं प्यायला." कमलने कागदाचं एक टोक चक्रावर दुमडलं. "मंग दर साली यायचे, तुरी निघाल्या म्हंजे. बा गेल्यावरबी आले. तुमच्या घरी कोनाला म्हाईत न्हाई का?"

आम्हांला कोणालाच माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं मी ज्या प्रश्नाला भिऊन होते, तो प्रश्न या अंगणात कधीच विचारला गेला होता, त्याचं उत्तर दिलं गेलं होतं, त्यावर पाणीही प्यायलं गेलं होतं. मी सत्य घेऊन आले, अशा काहीशा भावनेने तो चढ चढून आले होते. ते माझ्या आधीच इथे येऊन राहिलं होतं, सुगीसारखं दर वर्षी येत-जात होतं. दादाने मला क्षमा केली नव्हती, कारण त्याच्या लेखी क्षमा करण्यासारखं काही नव्हतंच. मग हे एवढं वर्षानुवर्षांचं ओझं मी कोणाच्या पायाशी नेऊन ठेवायचं? मी उठले. 'येते' म्हणाले.

कमल जीपपर्यंत आली. नव्या रंगावरून तिने हात फिरवला नाही. मागे गेली आणि फळीशी थांबली.

"माय कुठं बसली व्हती?"

मी बोटाने दाखवलं. डावा बाक, अगदी टोकाला.

तिने फळीवर पाय दिला, वर चढली, आणि त्या जागी बसली. पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला, दोन्ही हात मांडीवर ठेवले. मला वाटलं, क्षणभर बसेल आणि उतरेल. ती उतरली नाही. मग दुसरं काही सुचेना म्हणून मी पुढे जाऊन स्टिअरिंगमागे बसले. समोरच्या लहानशा आरशात पदर घेतलेलं एक डोकं दिसत होतं आणि अर्धा चेहरा. उतरत्या उन्हात तो कमलचाच आहे हे मला स्वतःला समजावून सांगावं लागत होतं. बावीस वर्षं रोज मी मनात त्या बाकावरून एका बाईला खाली पडताना पाहत आले होते. त्या बाकावर कोणीतरी नीट, सुखरूप बसलेलं आहे असं दृश्य माझ्यापाशी नव्हतंच.

"चला न, बाई," मागून आवाज आला. "पुलापस्तोर तर जाऊ."

मी किल्ली फिरवली. वाडी संपली, उतार लागला. दुसरा गिअर टाकला आणि हात उचलून स्टिअरिंगवर ठेवला. जीप आपल्याच ताणाने, सावकाश, घुमत खाली उतरू लागली. पळसाची फुलं आता रस्त्यावर पडली होती, चाकांखाली येत होती. पूल आला, कठडा नवा बांधलेला, त्यावर कोणीतरी धुणं वाळत घातलेलं. मी वेग कमी केला, आरशात पाहिलं. ती बाहेर पाहत होती, पुलाखालच्या कोरड्या पात्राकडे, मग पुढच्या रस्त्याकडे. पूल मागे पडला. ती थांबा म्हणाली नाही, आणि कुठवर न्यायचं हे मीही विचारलं नाही.